एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळं: स्टिरिओचा तोल कुठे बिघडतो आणि कुठून सावरायचा

तुमच्या वर्णनातलं कामाचं तेवढं आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. डाव्या स्पीकरपासून बाजूची भिंत ४५ सेंटिमीटरवर. उजवीकडे भिंतच नाही; खोली तिकडे उघडी होते आणि त्यापलीकडची भिंत उजव्या स्पीकरपासून तीनेक मीटरवर. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर अंतर, तुम्ही त्यांच्या रेषेपासून २.२ मीटर मागे, मधोमध बसता. गाणाऱ्याचा आवाज डावीकडे ओढला जातो म्हणून तुम्ही बॅलन्स उजवीकडे तीन डेसिबल सरकवला. आवाज मधे आला, पण आता झांजा उजवीकडे पळाल्या आणि खर्ज अजूनही डावीकडे जड. आणि प्रश्न असा, की रूम करेक्शनचं (खोलीमुळे आवाजात पडणारा फरक मोजून तो भरून काढणारं) यंत्र घेतलं तर हे सुटेल का.

तुम्ही याला ‘डावा स्पीकर मोठा वाजतो’ असं म्हटलंय. तसं असतं तर बॅलन्सने काम संपलं असतं. गाणारा मधे आल्यावर झांजा उजवीकडे गेल्या, यातच उत्तर आहे: डावी आणि उजवी बाजू यांच्यातला फरक सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नाही. खाली तो जास्त आहे, मधे थोडा, वर जवळजवळ नाहीच. बॅलन्सचं बटण सगळ्यांना एकाच मापाने हलवतं. त्यामुळे ते कुठेही ठेवलं तरी काहीतरी बाजूला पडणारच.

तुमच्याच मापांवरून हिशेब करू. डाव्या स्पीकरचा थेट आवाज तुमच्यापर्यंत २.४२ मीटर येतो. तोच आवाज डाव्या भिंतीवर आपटून येतो तेव्हा त्याला २.९१ मीटर पडतात. फरक ४९ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंदांचा (आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो). जास्त अंतर कापल्यामुळे हा दुसरा आवाज फक्त दीड-पावणेदोन डेसिबलने कमी झालेला असतो. म्हणजे डावीकडून तुम्हाला जवळजवळ दोन स्पीकर ऐकू येतात, एक खरा आणि एक भिंतीपलीकडचा. उजवीकडून येणारं पहिलं मोठं रिफ्लेक्शन (भिंतीवर आपटून परतलेला आवाज) मात्र चौदा मिलिसेकंदांनंतर आणि नऊ-दहा डेसिबल खाली येतं. कानाच्या हिशेबात ते फार उशिराचं आणि फिकं.

आता या ४९ सेंटिमीटरचा परिणाम फ्रिक्वेन्सीप्रमाणे बघा. ३५० हर्ट्झला हा फरक बरोबर अर्ध्या तरंगलांबीएवढा होतो, म्हणून तिथे डाव्या बाजूला खड्डा पडतो, म्हणजे आवाज कमी होतो. ७०० ला पुन्हा उंचवटा, १०५० ला पुन्हा खड्डा. हे खड्डे-उंचवटे धरून मधल्या पट्ट्यात सरासरी दोनेक डेसिबलची भर पडते. शंभर हर्ट्झच्या खाली मात्र दोन्ही आवाज एकमेकांत मिळून जातात आणि कागदावर तरी पाच डेसिबलपर्यंत वाढ होते. वरच्या टोकाला ट्वीटर (स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) समोर जास्त आणि बाजूला कमी वाजतो, त्यामुळे भिंतीकडे फारसं काही जातच नाही आणि भरही पडत नाही. खाली पाच, मधे दोन, वर शून्य. तुम्ही तीन डेसिबलचा बॅलन्स दिला तेव्हा गळा जागेवर आला, झांजा उजवीकडे ढकलल्या गेल्या आणि खर्ज डावीकडेच राहिला. डाव्या पायातला बूट चावतो म्हणून उजव्यात खडा घालण्यातला हा प्रकार आहे.

वेळेचाही भाग आहे. दोन स्पीकरमधून येणाऱ्या सारख्या आवाजांत एक मिलिसेकंदाच्या आतला फरक असेल तर मेंदू दोन्हींचा मिळून एकच आवाज धरतो आणि तो लवकर येणाऱ्याकडे सरकवतो. त्यापेक्षा उशिरा, वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत, आलेलं रिफ्लेक्शन पहिल्या आवाजातच मिसळतं. दिशा पहिल्याचीच राहते. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर केलेलं काम अजूनही संदर्भाचं आहे. तुमची भिंत १.४ मिलिसेकंदांवर, म्हणजे या सीमेला अगदी चिकटून आहे. म्हणून डावीकडचा आवाज नुसता मोठा नाही, तर फुगलेला आणि भिंतीकडे पसरलेला वाटत असणार. खोली दोन्ही बाजूंनी सारखी करण्याच्या मागे लागू नका. पहिल्या चार-पाच मिलिसेकंदांत कानाशी जे पोचतं तेवढं दोन्हीकडून सारखं झालं, तर बाकीची खोली कितीही तिरकी असली तरी गाणारा मधे उभा राहतो.

पण हे सगळं खोलीवर ढकलण्याआधी खोलीच दोषी आहे याची खात्री करून घ्या. मी कुठेही गेलो तरी हे आधी करतो, कारण डावीकडे ओढणाऱ्या तक्रारींमधला बराचसा भाग खोलीचा नसतोच. एखादं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) रेकॉर्डिंग किंवा नुसता बोलणारा आवाज लावा, बॅलन्स मधे आणा. आधी अँप्लिफायरमध्ये येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष सोर्समध्ये (गाणं जिथून वाजतंय त्या उपकरणात) किंवा वायरीत. नाही गेली तर वायरी पूर्ववत करून स्पीकरचे खोके एकमेकांच्या जागी ठेवा. आता ओढ फिरली तर एक स्पीकर दुसऱ्यासारखा वाजत नाही. तरीही ती डावीकडेच असेल तर अँप्लिफायरच्या आउटपुटला डावी-उजवी वायर बदला; ओढ फिरली तर दोष अँप्लिफायरमध्ये. या सगळ्यातून जाऊनही आवाज त्याच भिंतीकडे जात असेल, तर मग खोली.

दोन गोष्टी लोक सोडून देतात. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये अगदी कमी आवाजाला दोन चॅनेल सारखे चालत नाहीत. म्हणून ही तपासणी तुम्ही नेहमी ऐकता त्या पातळीवर करा. दुसरं, स्वतःचे कान. स्पीकरकडे पाठ करून बसा. ओढ खोलीतल्या त्याच भिंतीकडे राहिली तर ठीक. ती तुमच्या त्याच कानाकडे आली तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन मळ तपासून घ्या. हे गंमत म्हणून लिहीत नाही.

पोलॅरिटीही एकदा बघून घ्या. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे असतील तर खर्ज पातळ होतो आणि मधला आवाज कुठेच बसत नाही, डोक्याभोवती पसरतो. तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही, पण वायरी काढ-घाल केल्यावर हे होणं सोपं आहे.

मग टेप काढा. डाव्या ट्वीटरपासून तुमच्या नाकापर्यंत आणि उजव्यापासून नाकापर्यंतचं अंतर मोजा. एका सेंटिमीटरच्या आत सारखं करा. दोन कानांमध्ये दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरक चांगल्या परिस्थितीत माणसाला कळतो, आणि दहा मायक्रोसेकंद म्हणजे साडेतीन मिलिमीटर. त्यामुळे ‘डोळ्यांनी मधोमध’ चालत नाही. स्पीकरचा कोनही तसाच: तुमच्या जागेवरून दोन्हींच्या आतल्या बाजूची कडा सारखी दिसली पाहिजे. फर्निचरमुळे एक स्पीकर तीस सेंटिमीटर जवळ ठेवावाच लागत असेल तर जवळच्याला ०.८७ मिलिसेकंदांचा डिले (तेवढा उशीर) आणि साधारण एक डेसिबलची घट द्यावी लागते. नुसती घट पुरत नाही.

इथून पुढे काय करायचं हे तुम्ही काय हलवू शकता यावर आहे. सोफा आणि स्पीकर दोन्ही हलत असतील तर दोन स्पीकर आणि तुमची जागा यांचा पूर्ण त्रिकोणच मोकळ्या बाजूला ४० सेंटिमीटर सरकवा. डावा स्पीकर भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर आला की तोच फरक ४९ वरून १०७ सेंटिमीटर होतो, म्हणजे रिफ्लेक्शन ३.१ मिलिसेकंदांवर जातं आणि तीनेक डेसिबलने खाली येतं. पातळीतला लाभ थोडा आहे, पण वेळेच्या दृष्टीने तुम्ही त्या सीमेपासून दूर जाता, आणि ऐकताना हा फरक पातळीच्या आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. खोलीच्या मध्यावर नीट मांडलेली जोडी दिसायला छान दिसते हे खरं. पण अशा खोलीत दिसायला मध्य आणि ऐकायला मध्य हे वेगळे असतात, आणि घरातल्या इतरांना हे पटवणं हेच बहुतेक वेळा सगळ्यात अवघड काम ठरतं.

सोफा हलत नसेल तर त्रिकोण लहान करा. हा उपाय मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो आणि लोक तो सगळ्यात कमी करतात. मध्य तोच ठेवून स्पीकरमधलं अंतर दीड मीटर करा आणि दोन्ही इतके पुढे आणा की तुमच्यापासून दोघांचं अंतरही दीड मीटरच राहील. डावा स्पीकर आपोआप भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर येतो. रिफ्लेक्शन तीन मिलिसेकंदांवर जातं आणि साडेचार डेसिबलने कमी होतं. सोफा न हलवता वेळ तेवढाच मिळतो आणि पातळीत जास्त लाभ होतो. जवळून ऐकल्यावर खोलीचा वाटा एकूणच घटतो, म्हणून मिक्सिंग करणारे लोक जवळ बसतात. अडचण एवढीच, की मोठे तीन-ड्रायव्हरचे स्पीकर इतक्या जवळून एकसंध वाजत नाहीत, ट्वीटर वेगळा आणि खर्ज वाजवणारा वूफर वेगळा ऐकू येतो. तुमचे स्पीकर कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन ड्रायव्हरचे छोटे असतील तर आजच करून बघा.

तिसरी गोष्ट स्पीकर आत वळवण्याची. तुमच्या मूळ मांडणीत स्पीकर सरळ समोर बघत असतील तर भिंतीकडे जाणारा आवाज त्यांच्या अक्षापासून (स्पीकरच्या तोंडातून सरळ समोर जाणाऱ्या रेषेपासून) ४१ अंशांवर निघतो आणि तुमच्याकडे येणारा २४ अंशांवर. दोघांत फारसा फरक नाही, म्हणून भिंतीला भरपूर मिळतं. स्पीकरचं तोंड थेट तुमच्याकडे केलं की भिंत ६५ अंशांवर जाते. ट्वीटर आणि मिडरेंजचा (मधल्या स्वरांचा) वरचा भाग तिथे चांगलाच कमी झालेला असतो. त्याहून थोडं जास्त वळवून दोन्हींचे अक्ष तुमच्या नाकासमोर छेदू दिले तर आणखी एक लाभ होतो: तुम्ही जरा डावीकडे सरकलात की डावा स्पीकर जवळ येतो, पण तुम्ही त्याच्या अक्षाबाहेर जाता, तर उजव्याच्या अक्षात येता. वेळेचा तोटा पातळी काही प्रमाणात भरून काढते. फक्त डावाच जास्त वळवा असा सल्ला काही जण देतात. मी देत नाही. त्याने थेट आवाजच दोन्हीकडून वेगळा होतो, आणि तोच तर आपल्याला सारखा ठेवायचाय.

आता भिंत. मोकळ्या बाजूला काहीतरी उभं करून उजवी बाजूही बंद करावी असं पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येतं. माझा कल उलटा आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी काम सुरू केलं, तेव्हा शोषणाचं माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली: तिथून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण. तुमची उजवी बाजू थोडीफार तशीच आहे. भारी पॅनेलं लावूनही जे क्वचित जमतं ते तुम्हाला एका बाजूला आयतं मिळालंय. तेव्हा डावी भिंत उजवीसारखी ‘नसल्यागत’ करा.

जागा आरशाने शोधा. तुम्ही ऐकायच्या जागी बसा, दुसरं कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवत नेईल. ज्या ठिकाणी तुम्हाला डावा ट्वीटर दिसेल ती जागा. तुमच्या सध्याच्या मापांनी ती स्पीकरच्या पुढे अर्ध्या मीटरवर येईल, त्रिकोण ४० सेंटिमीटर सरकवला तर सत्तरेक सेंटिमीटरवर. तिथे रॉकवूल किंवा ग्लासवूलचं दहा सेंटिमीटर जाडीचं, कापडात गुंडाळलेलं पॅनेल लावा, मागे पाच-दहा सेंटिमीटर हवा सोडून. आकार किमान ६० बाय १२० सेंटिमीटर. फोमचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन लावू नका. ते वरचा आवाज खातात आणि मधला तसाच परत पाठवतात. तुमच्याकडे वरच्या टोकाला भर मुळात नाहीच, त्यामुळे नेमका चुकीचा भाग कापला जाईल आणि डावी बाजू मंद, बोथट वाटेल. नुसत्या पातळ पडद्याचंही तेच.

पॅनेल अजिबात लावायचं नसेल, किंवा तुम्हाला बाजूच्या भिंतींनी मिळणारा मोठेपणाच आवडत असेल, तर उजवीकडे तेवढ्याच अंतरावर पुस्तकांचं उंच कपाट किंवा जड पार्टिशन ठेवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. तेही बरोबर उत्तर आहे, आवडीचा भाग आहे. फक्त कपाट खरंच तेवढ्याच अंतरावर आणि तेवढंच सलग हवं. शिवाय खर्जासाठी ते भिंत ठरत नाही. ती लाट कपाटाला वळसा घालून जाते.

खर्जाकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण तिथे नियम बदलतात. छोट्या खोलीत दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकता. ही सीमा भौतिकशास्त्रज्ञ श्रोडर यांच्या सूत्राने अंदाजे काढतात: घुमण्याचा काळ भागिले आकारमान, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. पन्नास घनमीटरची खोली आणि ०.४ सेकंद घुमणं असेल तर १८० हर्ट्झच्या जवळ येते. तुमची खोली एका बाजूने उघडी आहे, त्यामुळे आकारमान कुठवर धरायचं हा प्रश्नच आहे. आकडा निव्वळ अंदाजाचा समजा. या पट्ट्यात दहा सेंटिमीटरचं पॅनेल फार काही करत नाही आणि भिंतीची ती पाच डेसिबलची भर तशीच राहते.

इथे इक्वलायझर (ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारी सोय) खरोखर कामाचा आहे, आणि तुमच्या प्रश्नातल्या यंत्राची जागाही हीच. पण आधी मोजा. मोजण्याचा माइक, उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा यूमिक-१, आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. डावा वेगळा, उजवा वेगळा आणि दोन्ही मिळून अशी मोजणी करा, डोक्याच्या आजूबाजूला तीसेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात माइक हलवत चार-सहा जागी, आणि सरासरी घ्या. एकाच बिंदूवरच्या आलेखावर विश्वास ठेवू नका; माइक चार बोटं हलवला की वरचे खड्डे वेगळ्याच जागी जातात. मग डाव्यातून उजवा वजा करा. हा वजाबाकीचा आलेख, एक-तृतीयांश ऑक्टेव्ह स्मूदिंगने (बारीक चढउतार सरासरीत मिसळून), तुमच्या खोलीतल्या असमानतेचं चित्र आहे. मांडणी बदलण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा काढा.

सुधारणा करताना डाव्याचा वाढीव भाग कापा; उजव्याला वर उचलू नका. तीन डेसिबल उचलायला दुप्पट शक्ती लागते, दहाला दहापट. आणि खड्डा जर रिफ्लेक्शनने थेट आवाज खोडल्यामुळे पडला असेल तर तुम्ही थेट आवाज वाढवता तेवढंच ते रिफ्लेक्शनही वाढतं, खड्डा तिथेच राहतो. ८० हर्ट्झच्या खाली दिशा कळत नाही आणि बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तिथला आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो, म्हणून तिथे दोन्ही स्पीकर एकत्र वाजवून जे दिसेल त्यावर एकच फिल्टर दोघांना लावा. ८० ते २५० च्या पट्ट्यात मात्र डाव्या-उजव्याला वेगळे फिल्टर द्या. पुरुषी गळ्याचा मूळ सूर याच भागात असतो, आणि तुम्हाला ‘खर्ज डावीकडे जड’ वाटतो तो बहुधा इथलाच. त्याच्या वर मी हात जवळजवळ लावत नाही. तिथे आलेख सपाट केला की डाव्या स्पीकरचा थेट आवाज बिघडतो, कारण माइक थेट आणि परतलेला आवाज एकत्र मोजतो, कान मात्र ते वेगळे धरतो. स्वयंचलित करेक्शनची हीच खोड आहे. डिरॅक असो वा ऑडिसी (अशा करेक्शनच्या दोन प्रणाली), सुधारणा कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत करायची ती मर्यादा ठरवायची सोय तुमच्या आवृत्तीत आहे का ते बघा, आणि असेल तर ती तीनशेच्या आसपास ठेवून सुरुवात करा.

म्हणजे यंत्र घ्यायचं का? आज नाही. आधी अदलाबदलीची तपासणी, मग टेप, मग त्रिकोण सरकवणं किंवा लहान करणं, मग एक पॅनेल. यातलं पॅनेल सोडून बाकी सगळं एका दुपारचं आणि फुकटचं काम आहे. या सगळ्यात बॅलन्स मधेच ठेवा आणि तोच मोनो आवाज लावून प्रत्येक बदलानंतर ऐका. पॅनेल बसल्यावर गाणारा आणि झांजा दोन्ही एकाच वेळी मधे आल्या आणि फक्त खर्जाची तक्रार उरली, तर तुम्ही संगणकावरून ऐकत असाल तर ‘इक्वलायझर एपीओ’सारख्या मोफत विंडोज सॉफ्टवेअरमध्ये ते चार-पाच फिल्टर हाताने लावता येतात. संगणक मधे नसेल किंवा तुम्हाला सबवूफरही जोडायचा असेल, तर यंत्राला अर्थ आहे. उरलेला एखाद्या डेसिबलचा फरक तेव्हा बॅलन्सने खुशाल काढा. त्या मापाच्या कामासाठीच ते बटण असतं. आणि झांजा तरीही उजवीकडेच राहिल्या तर वजाबाकीचा आलेख आणि स्पीकरचं मॉडेल दोन्ही पाठवा, कारण मग मला भिंतीपेक्षा ट्वीटरचा संशय येईल.